चावलं नाही

अकोला, जठारपेठ
३ फेब्रुवारी २०२५

दादा,

जयभीम.

हे पत्र मांजरीबद्दल आहे. दुसऱ्या कशाबद्दलही नाही, तेव्हा पाकीट न फोडता परत पाठवू नकोस. माझा नंबर तू फोनमध्ये बंद करून ठेवला आहेस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोस्टमन बंद करता येत नाही म्हणून लिहिते आहे.

परवा खुशीने वहिनीच्या फोनवरून मला फोन केला. "आत्या, तू जनावरांची डॉक्टर हायेस नं? मंग सांग, मनीले काय काय लागते." सहा वर्षांच्या पोरीने इतकं सरळ विचारल्यावर उत्तर द्यावं लागतं. तिच्या सांगण्यावरून पिल्लू तुमच्या आयटीआयच्या क्वार्टरमागे सापडलं. पांढरं, शेपटी काळी, दात आलेले, पडद्यावर चढतं. म्हणजे पाच-सहा आठवड्यांचं असावं. तू त्याला घरात घ्यायला नाही म्हणालास, मग खुशी जेवली नाही, आणि आता मनी मागच्या गॅलरीत राहते आणि तू त्या बाजूला जात नाहीस. हेही खुशीनेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तर नीट वाच. वहिनीला वाचून दाखवलंस तरी चालेल.

गाईचं दूध देऊ नका, हगवण लागते. उकडलेली कोंबडी द्या, हाडं काढून. जंताचं औषध आता एकदा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. ते वजनावर ठरतं, म्हणून खुशीच्या गोळीतला तुकडा मोडून देऊ नका. पिसवा असतील तर बारीक फणीने काढा. कुत्र्याच्या पिसवांचं औषध मांजरीला लावायचं नाही. कुत्र्याला ते चालतं, मांजर त्याने मरू शकतं, आणि दुकानदार विचारत नाही की घरी काय आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली लस. त्यानंतर चार आठवड्यांनी तीच दुसऱ्यांदा, आणि त्याच दिवशी रेबीजची. ती वेगळी असते. पहिल्या लशीत ती नसते. वर्षाने दोन्ही पुन्हा, आणि तेव्हाही वेगवेगळ्या. हे मी दोनदा लिहिते आहे, कारण लोक एकदा वाचतात.

अमरावतीत राजापेठेला तहरीमचा दवाखाना आहे. तहरीम शेख, माझ्या बॅचची. तिला सांगून ठेवलं आहे. तिच्याशी तू बोललास तरी माझ्याशी बोलल्यासारखं होणार नाही.

आई बरी आहे. बार्शीटाकळीलाच असते. माझ्याकडे यायला तयार नाही.

पायल


अकोला
२५ फेब्रुवारी २०२५

दादा,

जयभीम.

काल मनीला पहिली लस लागली, तहरीमने कळवलं. वजन चांगलं आहे, कान स्वच्छ आहेत. वहिनी आणि खुशी आत आल्या होत्या. तू त्यांना स्कूटरवर घेऊन आलास आणि रस्त्याच्या पलीकडे पानठेल्याशी उभा राहिलास. तहरीमने तुला ओळखलं, आपलं नाक सारखं आहे म्हणाली. चहाला बोलवायला तिने माणूस पाठवला तर तू हात हलवून नाही म्हणालास. आत चार पिंजरे आणि एक म्हातारा लॅब्रेडॉर होता. मला ते समजतं.

माझं पत्र मिळालं हे यावरून कळलं. उत्तराची वाट पाहत नाही.

इथल्या दवाखान्यात मी आता एक गोष्ट वेगळी करते. नुसतं "सुई" म्हणत नाही. आपल्याकडे सुई एकच असते. तापाची सुई, ताकदीची सुई, कुत्र्याची सुई. सुई देली म्हणजे झालं. मी प्रत्येक वेळी रोगाचं नाव घेते, रेबीज म्हणजे पिसाळणं, लोकांना कंटाळा येईपर्यंत. मागच्या आठवड्यात नसीमबानो आल्या होत्या, त्यांचं इथे जवळच शिलाईचं दुकान आहे. मांजर मांडीवर, मांजरीच्या अंगावर चिंध्या.

"डॉक्टर बाई, आमची बिल्ली घर के बाहर पाय नाही ठेवत. उसकू पिसायची सुई कायले?"

मी विचारलं, "बाहेरचं मांजर घरात येतं का?"

"येते नं. एक काला बोका रोज दूध प्यायले येते. मोठा शरीफ आहे बिचारा."

दवाखान्यातले सगळे हसले. त्याही हसल्या आणि मांजर पुढे केलं. मीही हसले असेन. मग मी आत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. ही सवय जात नाही.

बार्शीटाकळीला गेल्या रविवारी जाऊन आले. घर तसंच आहे. भुऱ्याची जर्मनची ताटली शेजारच्या पुंजाजीकाकांनी त्याच्याबरोबरच पुरली होती, चुना टाकून. पण कुत्र्याची साखळी अजून निंबाला लटकते आहे. वारा सुटला की ती झाडावर आपटते, आणि त्या आवाजाने आई भाकरी थापता थापता थांबते. मी काढायला गेले तर म्हणाली, "राहू दे व. वारा आला का समजते."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. वारा आल्याचं आपल्या घरात कुणाला का समजायला हवं, ते तुला माहीत आहे आणि मलाही.

बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला एकच प्रश्न विचारला होतास. "मी त्याले नऊ रोगाची देली होती. वर्षाची सुई म्हून मागतली अन् त्यानं नऊ रोगाची देली. त्यात हे नव्हतं काय?" मी म्हणाले, "नाही." त्यानंतर तू माझ्याशी बोललेला नाहीस. येत्या दिवाळीला त्याला दोन वर्षं होतील.

उत्तर बरोबर होतं. त्या लशीत रेबीज नसतो. आज विचारलंस तरी मी तेच सांगेन. फक्त बसून सांगेन.

हे पत्रही मांजरीबद्दलच होतं. पुढची तारीख २४ मार्च. त्या दिवशी दोन.

पायल


अकोला
१२ मार्च २०२५

दादा,

या पत्रात मांजर नाही.

वहिनीवर रागावू नकोस. तिने चहाडी केलेली नाही. उन्हाळ्याबद्दल बोलत होतो, अमरावतीत आताच किती तापतं याबद्दल. ती सहज म्हणाली, "तुमच्या भावाची एक गंमत सांगू काय ताई? हे रोज सकाळी उठले का आधी पंख्याखाली उभे राह्यतात. तोंड वर करून. मंग पाण्याचा गिलास घेऊन आतल्या खोलीत जातात अन् दार लावून घेतात. पाणी प्यायले दार कायले लावा लागते? मी विचारलं तर म्हणतात, पूजा समज. आमच्यात कुठली आली पूजा?"

ती हसत होती. मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

आधी वारा, मग पाणी. हा क्रम दुसऱ्या कुणाला कळला नसता.

तुझ्याऐवजी मी सांगते काय झालं ते. मी तिथे नव्हते, शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती आणि "पायलले सांगू नका, तिचा पेपर बिघडन" असं बाबांनीच सांगितलं होतं. मला जे माहीत आहे ते पुंजाजीकाकांच्या पंचफुलाकाकूंकडून.

दिवाळीच्या आधी भुऱ्याने खाणं सोडलं. त्याचा खालचा जबडा लोंबायला लागला, लाळ गळायची, आवाज घोगरा झाला. पाण्याच्या भांड्यात तोंड घालायचा, पण पाणी आत जायचं नाही. तो कुणाच्या अंगावर गेला नाही. कुणाच्या मागे धावला नाही. आपल्याकडे पिसाळलेलं कुत्रं म्हणजे गावभर चावत सुटलेलं कुत्रं. भुऱ्या तर बाबांच्या पायाशी येऊन बसायचा आणि त्यांच्याकडे पाहायचा. घरात आदल्या दिवशी कोंबडी झाली होती. तेव्हा सगळ्यांना वाटलं, घशात हाड अडकलं.

बाबांनी त्याच्या घशात हात घातला. दोनदा. त्यांच्या अंगठ्याजवळ भेग होती, त्यांना दर थंडीत पडायची. काकू म्हणतात, जबडा तू धरला होतास.

हाड सापडलं नाही. भुऱ्या दुसऱ्या दिवशी मेला. सगळ्यांना वाईट वाटलं, आणि सगळे कामाला लागले.

पुढे बाबांचा हात बधिर व्हायला लागला, ताप आला, तू त्यांना अकोल्याला आणलंस. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं वगैरे चावलं का?" तू म्हणालास नाही, आई म्हणाली नाही, बाबांनी स्वतः मान हलवली. तिघंही खरं बोललात. डॉक्टरांनी जे विचारायला हवं ते विचारलं, तुम्ही जे खरं ते सांगितलं, आणि त्यातून काहीच निघालं नाही. यात कुणाला धरायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

मी पेपर देऊन आले तेव्हा बाबा खाटेवर बसलेले होते. नर्सने वरचा पंखा लावला आणि त्यांनी गळा दोन्ही हातांनी धरला. मी आईला विचारलं, भुऱ्या कसा आहे. आई म्हणाली, "मेला न व, पंधरा-वीस दिवस झाले. हाड अडकून."

मी म्हणाले, "पंखा बंद करा."

रेबीजमध्ये पाण्यासारखा वाराही सोसत नाही. त्या वॉर्डात हे वाक्य फक्त मला आणि नंतर डॉक्टरांना कळलं. बाबांनी पाणी मागितलं होतं. गिलास तुझ्या हातात होता. पुढचं लिहीत नाही.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कुत्र्याला ज्याने ज्याने हात लावला त्यांनी सगळ्यांनी इंजेक्शनं घ्यायची. आईने घेतली, काकू तिला दर वेळी घेऊन गेल्या, स्वतःही घेतली. तू म्हणालास, "मी अमरावतीले घेतो, मले ड्युटी हाय." मी विश्वास ठेवला. तू इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवतोस, मीटर न लावता वायरीला हात लावू देत नाहीस. असा माणूस इंजेक्शन टाळेल हे माझ्या मनातही आलं नाही.

पण ज्याने पूर्ण कोर्स घेतला तो माणूस रोज सकाळी दार लावून पाणी पिऊन पाहत नाही.

तू घेतलं नाहीस.

आता मी सांगते ते तांत्रिक आहे, तसंच वाच. हा आजार बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होतो. क्वचित एखाद्याला वर्षाने, त्याहून उशिराही झाल्याच्या नोंदी आहेत. तुला होईल असं मी म्हणत नाही, शक्यता फार थोडी आहे. पण ती शून्य आहे असं मला कुणी लिहून देणार नाही, आणि तुलाही ते माहीत आहे, नाहीतर दार लावलं नसतंस. लस आजही घेता येते. या रोगात उशीर झाला असं एकाच वेळी म्हणतात, आणि ती वेळ तू गिलास हातात धरून पाहिली आहेस. ती आलेली नाही. तोपर्यंत उशीर झालेला नसतो.

सरकारी दवाखान्यात जा. पोटात चौदा वगैरे काही नसतं आता. दंडात देतात, बारीक.

खुशी तुझ्या ताटातला घास खाते का, ते मी वहिनीला विचारलं नाही. तूच सांग.

पायल


अकोला
२१ मार्च २०२५

दादा,

माझं पत्र परत आलं. पाकीट फोडलेलं होतं आणि आतल्या कागदाच्या मागे तुझ्या अक्षरात एक ओळ होती. पहिल्यांदा वाचल्यावर मला राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर मी दवाखान्यात एकटी हसले.

"मांजर चावून नाही राह्यली. तू कायले चावून राह्यली?"

इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला. ओळीच्या खाली तू आणखी काही लिहून खोडलं आहेस. ते वाचायचा प्रयत्न मी केलेला नाही. खोडलेलं असतं ते खोडलेलं असू द्यावं.

मी सोमवारी, २४ तारखेला, अमरावतीला येते. मनीच्या दोन लशी आहेत म्हणून. सकाळच्या गाडीने निघेन, मूर्तिजापूर, बडनेरा करत दहापर्यंत राजापेठेला पोहोचेन. तहरीमला सांगितलं आहे. वहिनीलाही. तू ड्युटी आहे म्हणालास तर मी तुझ्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये येईन आणि पोरांसमोर विचारीन. तुला माहीत आहे, मी विचारू शकते.

आई विचारत होती की तू पाडव्याच्या सुट्टीत येशील का. मी म्हणाले मला माहीत नाही. ती म्हणाली, "त्याले म्हण मी साखळी काढत नाही, तू येऊन काढ." मला वाटलं होतं वाऱ्यासाठी ठेवली आहे. तुझ्यासाठी ठेवली होती.

पायल


अकोला
२५ मार्च २०२५

दादा,

जयभीम.

काल आपण भेटलो, मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. भेटलो तेव्हा मी जे बोलायचं होतं ते बोलले नाही, आणि तू जे बोललास त्याचं उत्तर मला बसमध्ये मूर्तिजापूरच्या पुढे आल्यावर सुचलं.

मनीने लस चांगली घेतली. एक उजव्या बाजूला, एक डाव्या. तहरीमने मुद्दाम खुशीला दाखवून दिल्या. मी बाहेर आले तेव्हा तू पानठेल्याशीच उभा होतास, हेल्मेट हातात धरून. बारीक झाला आहेस. मी रस्ता ओलांडला.

"आलीस?" म्हणालास.

"आले."

"लागली तिले?"

"दोन्ही."

"येगयेगया?"

"वेगवेगळ्या."

मग तू खूप वेळ हेल्मेटच्या काचेवरची धूळ पुसलीस. खुशी झिपची पिशवी पोटाशी धरून आली. पिशवीतून मनीचं तोंड बाहेर होतं. "बाबा, मनी रडली बी नाही. आत्या म्हणते आता तुमची पाळी हाय. तुमी भेता काय?"

"कोण म्हणते मी भेतो?"

"आई म्हणते."

वहिनी मागून म्हणाली, "आई काही म्हणत नाही. आईले कोण विचारते या घरात?" आणि तुझ्या हातातून स्कूटरची चावी घेतली. त्या दोघी स्कूटरवर गेल्या. आपण ऑटोत बसलो. तू बाहेर पाहत होतास, मी समोर. ऑटोत वारा लागत होता. तू तोंड वाऱ्याकडे केलंस, डोळे मिटलेस, आणि मला कळलं की तू आताही पाहून घेतो आहेस.

दवाखान्यात रांग होती. बहुतेक पोरं, गल्लीतल्या कुत्र्यांनी ओरबाडलेली. तो तरुण डॉक्टर वर न पाहता प्रत्येकाला तेच विचारत होता. आपली पाळी आली.

"काय चावलं? कुत्रं की मांजर?"

तू म्हणालास, "चावलं नाही."

अगदी त्याच आवाजात. मला अकोल्याचा तो वॉर्ड दिसला, खाटेची लोखंडी दांडी दिसली. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "चावलं नाही तर आले कशाला?" मी तोंड उघडलं. माझ्याजवळ सगळं तयार होतं, लाळ, भेग, संपर्काचा प्रकार, सगळी भाषा तयार होती. तू माझ्यापुढे हात आडवा केलास.

"चावलं नाही साहेब. कुत्रं घरचं होतं. मी त्याचा जबडा धरला होता. माया बोटाले वायर लागलेली होती, रक्त येत होतं. अन् हाड हाय असं मीच म्हणलो. बाप म्हणत होता, राहू दे, सकायी डाक्तरले दाखवू. मी म्हणलो, बाबा, तुमी हात घाला, माया एका हातात बॅटरी हाय."

हे मला माहीत नव्हतं. काकूंनाही नसावं.

डॉक्टर म्हणाला, "केव्हाची गोष्ट?"

"तेवीसच्या दिवाळीची."

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "वडील?"

तू मान हलवलीस.

"मग इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

"पाणी पिऊन पाह्यत होतो," म्हणालास.

मागे उभी असलेली बाई, कडेवर पोर घेतलेली, बोलता बोलता थांबली. डॉक्टर उठून आत गेला आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्या डॉक्टर बाईंनी तुझी बोटं उलटून पाहिली, जुना व्रण पाहिला, आणि एकही प्रश्न न विचारता त्याला म्हणाल्या, "काल झालं असं धरून चालायचं. सुरू करा."

नियमच तसा आहे. मला पाठ होता. पण कुणी तरी मोठ्याने म्हणताना मी तो पहिल्यांदा ऐकला. आपण दोघंही तेव्हापासून तसंच तर चालतो आहोत.

बाकावर तू दंड धरून बसलास. म्हणालास, "बापाले सुई भेटली नाही. मले घ्यायची लाज वाटत होती." तुला माझं तोंड दगडाचं वाटलं असेल, लहानपणापासून वाटतं. मूर्तिजापूरनंतर जे सुचलं ते हे: बाबांचा हात आत गेला कारण भुऱ्या त्यांचा होता. तू म्हणाला नसतास तरी तो गेला असता. सकाळपर्यंत ते थांबले नसते. त्यांनी जन्मात कुठल्या जनावराला सकाळपर्यंत तसं राहू दिलेलं नाही. मी ही समजूत काढत नाही आहे. मी त्या माणसाला ओळखत होते, एवढ्या आधारावर सांगते आहे. आणि व्हरांड्यात त्या दिवशी "नाही" म्हटल्यावर मला तुझ्याजवळ उभं राहता आलं असतं. मी पाणी आणायला गेले. पाणी कुणाला हवं होतं, देव जाणे.

मग तू माझी बाटली मागितलीस. झाकण उघडून तोंड वर करून प्यालास, अर्धी बाटली. सगळ्या रांगेसमोर. तुझा गळा वर-खाली होताना मी पाहत होते. मी प्राण्यांचे गळे रोज पाहते. इतक्या लक्षपूर्वक कुठला पाहिलेला नाही.

पुढची तारीख २७ मार्च. हे पत्र पोहोचेपर्यंत ती लागून गेली असेल. लागली नसेल तर वहिनी मला सांगणार आहे, तिला मी पगारी माणूस म्हणून नेमलं आहे, खुशीचं चॉकलेट ही तिची फी. पुढच्या दोन तारखा तिच्याजवळ आहेत. मधली चुकवू नकोस. मनीला वर्षाने पुन्हा आहेत, दोन. वेगवेगळ्या.

पाडव्याला बार्शीटाकळीला ये. साखळी तू काढ. आई बघेल.

आणि एक. सकाळचं पाणी आता स्वयंपाकघरात पी, दार न लावता. लगेच जमणार नाही. मी कॉलेजात असतानाच ही लस घेतली आहे, रक्त तपासून पाहिलं आहे, आकडा उत्तम आहे. मला काही होणं शक्य नाही हे मी शंभर लोकांसमोर सिद्ध करू शकते. तरी बाबा गेल्यापासून इथे या खोलीत मीही दार लावूनच पहिला घोट घेते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी उघडं ठेवलं. पाणी सरळ खाली गेलं. तरीही दुसरा घोट घेऊन पाहिला.

तुझी
पायल